फ्रेंच शिकायला फ्रान्सला निघताना: वाचकांचे प्रश्न

एक सत्र किंवा एक वर्ष फ्रान्समध्ये राहून तिथली भाषा आणि संस्कृती शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्या पालकांचीही, पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं फ्रेंच बी-१ पातळीचं (युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांपैकी तिसरी) आहे. एका वर्षासाठी विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात जावं की थेट तिथल्या पदवीच्या वर्गात? आणि त्यासाठी पॅरिसच गाठायला हवं का?

उत्तर: भाषाकेंद्र आणि पदवीचा वर्ग यांची गल्लत करू नका. भाषाकेंद्रात फक्त परदेशी विद्यार्थी असतात. पहिल्या दिवशी चाचणी होते, पातळीनुसार गट पडतात आणि शेवटी विद्यापीठाचा स्वतःचा डिप्लोमा मिळतो. ही राष्ट्रीय पदवी नव्हे. त्यामुळे तुमचं विद्यापीठ त्याचे किती क्रेडिट धरणार, हे निघण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीनिशी लेखी घ्या. पदवीच्या, म्हणजे 'लिसाँस'च्या, वर्गात तुम्ही फ्रेंच मुलांच्या बरोबरीने बसता. तिथे साधारणपणे बी-२, म्हणजे पुढची पायरी, मागतात, आणि साहित्याच्या वर्गात बी-२ असूनही दमछाक होते.

बी-१ असताना आमचा सल्ला असा: पहिलं सत्र भाषाकेंद्रात काढा, पण अर्ज करतानाच विचारा की दुसऱ्या सत्रात पदवीच्या एखाद्या व्याख्यानाला श्रोता म्हणून बसू देतील का. इतिहास किंवा कलेतिहास घ्या. तिथे तारखा, नावं आणि चित्रं यांच्या आधाराने कान लवकर तयार होतो. वर्षभर फक्त परदेशी मुलांमध्ये राहिलात, तर वर्गाबाहेर पडताच सगळे इंग्रजीवर येतात.

पॅरिसचा हट्ट नको. सोरबोनचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा फ्रेंच संस्कृतीचा अभ्यासक्रम १९१९पासून चालू आहे आणि त्याचा लौकिक मोठा आहे. पण ग्रनोब्लचं विद्यापीठ केंद्र त्याच्याही आधीचं, १८९६चं. तूरमधली संस्था १९१२ची, बझाँसाँचं केंद्र १९५८चं, व्हिशीचं १९६४चं. लहान शहरात खोली स्वस्त पडते, आणि दुकानदार तुमचं अडखळतं फ्रेंच ऐकून चटकन इंग्रजीत उत्तर देत नाही. ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. निवड करताना चार गोष्टी विचारा: आठवड्याला किती तास, गटात जास्तीत जास्त किती विद्यार्थी, संस्कृतीचे विषय वेगळे घेता येतात का, आणि संस्थेला 'कालिते एफएलई' हा सरकारी दर्जा आहे का.

प्रश्न: फ्रेंचची पातळी ठरवणाऱ्या परीक्षांपैकी डेल्फ द्यावी की टीसीएफ? बी-२ला किती वेळ लागतो?

उत्तर: डेल्फचा डिप्लोमा आयुष्यभर चालतो, टीसीएफचा निकाल २ वर्षं. प्रवेशाची मुदत तोंडावर आली असेल तर टीसीएफ, नाहीतर डेल्फ. शून्यापासून बी-२पर्यंत साधारण ५५० ते ६५० तासांचं शिकवणं धरतात. घरचा अभ्यास त्याव्यतिरिक्त.

डेल्फ बी-२ ही १०० गुणांची परीक्षा. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात ५पेक्षा कमी पडले तर बाकीचे कितीही असोत, नापास. विद्यार्थी व्याकरणावर महिने घालतात आणि श्रवणात गाडी अडते. लेखनात किमान २५० शब्दांचा मजकूर हवा असतो: तक्रारीचं पत्र, लेख, मत मांडणारं निवेदन. यात भाषेइतकीच मांडणीही पाहतात. संभाषणाआधी ३० मिनिटं तयारीला मिळतात. तेवढ्यात भाषण अख्खं लिहून काढायला बसू नका. मुद्द्यांची नावं आणि त्यांना जोडणारे शब्द तेवढे कागदावर उतरवा.

प्रश्न: बी-२ उत्तीर्ण होऊनही तिथल्या मुलांच्या गप्पा डोक्यावरून जातात. शिक्षकांचं मात्र सगळं कळतं. असं का?

उत्तर: कारण तुम्ही शिकलात ते छापील फ्रेंच. बोलताना ते निम्मं गळून जातं. 'ज न से पा' (मला माहीत नाही) हे पुस्तकातलं. बोलण्यात आधी 'न' जातो, मग 'ज' आणि 'से' एकमेकांत मिसळतात आणि कानावर फक्त 'शे पा' पडतं. 'इल या' (आहे) याचं नुसतं 'या' होतं. 'त्यू आ' (तुझ्याकडे आहे) याचं 'ता'. 'आम्ही'साठी शिकलेला 'नू' गप्पांत फारसा भेटतच नाही, त्याच्या जागी 'ओं' येतो. असे दहा-पंधरा बदल एकदा कानाला ओळखीचे झाले की अर्धा गोंगाट कमी होतो. त्यांची यादी करा आणि ते स्वतः मोठ्याने म्हणा. जे तोंडाला येतं ते कानाला लवकर ऐकू येतं.

मराठी कानाला दोन आवाज विशेष छळतात. पहिला 'त्यू'मधला स्वर. तो 'ऊ' नाही आणि 'यू'ही नाही. 'ई' म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका आणि फक्त ओठांचा चंबू करा. तो हाच. 'वर' आणि 'खाली' या अर्थांचे 'दस्यू' आणि 'दसू' हे दोन शब्द केवळ याच स्वराने वेगळे होतात. तो चुकला तर कपाटाच्या वर ठेवलेली वस्तू तुम्ही खाली शोधत बसाल. दुसरी अडचण अनुनासिकांची. आपण अनुस्वार म्हणताना नकळत शेवटी 'न', 'म' किंवा 'ङ' लावतो. फ्रेंचमध्ये तोंड शेवटपर्यंत उघडं राहतं. 'व्हँ' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा, 'व्हों' म्हणजे 'ते जातात'. आरशासमोर हे तीन शब्द म्हणा. शेवटी जीभ टाळूला टेकली तर चुकलं.

आकड्यांचा सराव वेगळा करा. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांत सांगतात. ७५ म्हणजे 'स्वासाँत-काँझ', साठ अधिक पंधरा. 'स्वासाँत' ऐकताच हात ६ लिहितो, पुढचा शब्द येतो आणि तो खोडून ७ करावा लागतो. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. ९७ तर चार-वीस-दहा-सात. उपाय एकच: 'स्वासाँत' किंवा 'कात्र-व्हँ' (चार-वीस, म्हणजे ८०) ऐकल्यावर पेन उचलून धरायचं, पुढचा शब्द आला की मगच लिहायचं. रोज १० मिनिटं कुणाकडून तरी जोड्या सांगून घ्या. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडला गेलात तर ७० आणि ९०साठी 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत' हे सरळ शब्द भेटतील.)

श्रवणासाठी दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्याची लिखित प्रत मिळते असाच. तीनदा ऐका, ऐकू आलं तेवढं लिहा, मग प्रतीशी ताडून न ऐकू आलेल्या जागा लाल शाईने दाखवा. चुका सहसा न येणाऱ्या शब्दांत सापडत नाहीत, येणाऱ्या शब्दांच्या सांध्यांत सापडतात. आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्यांनी सुरुवात करा. पण महिनाभरात मुलाखती आणि गप्पांकडे वळा, कारण बातम्या वाचणारा माणूस शब्द गिळत नाही.

प्रश्न: एक सत्र लिसाँसच्या वर्गात शिकते आहे. निबंधाला २०पैकी ८ मिळाले. व्याकरणाच्या चुका मोजक्याच होत्या. शेरा एवढाच: 'प्रश्न मांडलेला नाही'. याचा अर्थ काय?

उत्तर: हा शेरा परदेशी विद्यार्थ्यांना हमखास मिळतो. तो नीट समजून घेणं म्हणजेच फ्रेंच शिक्षणसंस्कृती समजून घेणं. तिथला 'दिसेर्तास्यों' हा माहितीचा निबंध नव्हे. विषयात दडलेली अडचण शोधून काढायची आणि ती टप्प्याटप्प्याने सोडवत न्यायची, हे त्यात अपेक्षित असतं.

समजा विषय आहे: 'शहर माणसाला मुक्त करतं का?' तुम्ही शहरांचा इतिहास, फायदे आणि तोटे लिहिले असतील तर ८च मिळणार. आधी शब्द फोडा. मुक्त म्हणजे कशापासून? गावाच्या नजरेपासून, जातकुळीपासून, की कामाच्या सक्तीपासून? मग अडचण पकडा: ज्या अनोळखीपणामुळे शहरात मोकळं वाटतं, त्याच अनोळखीपणामुळे माणूस एकटा पडतो आणि पैशाच्या आधीन होतो. तर मग ही मुक्ती आहे, की एका बंधनाच्या जागी दुसरं? हे वाक्य म्हणजे 'प्रोब्लेमातिक'. परीक्षक पहिल्या पानावर तेच शोधत असतो.

प्रस्तावनेत चार गोष्टी याच क्रमाने येतात: विषयाकडे नेणारं एखादं नेमकं उदाहरण, शब्दांची फोड, हा प्रश्न आणि पुढच्या भागांची घोषणा. नंतर बहुधा तीन भाग. पहिल्यात विधान कुठवर खरं, दुसऱ्यात ते कुठे तुटतं. तिसऱ्या भागात सगळे घसरतात. 'दोन्ही बाजूंत थोडं थोडं तथ्य आहे' अशी तडजोड तिथे चालत नाही. प्रश्नाचे शब्दच नव्याने पाहायचे: मुक्त शहर करतं, की शहरात आपला वाटा मागण्याचा हक्क? प्रत्येक परिच्छेदात एकच विचार, एकच नेमकं उदाहरण आणि शेवटी एका वाक्यात मूळ प्रश्नाकडे परत. 'मला वाटतं' टाळा, तिथे 'नू' किंवा 'ओं' लिहितात.

४ तासांच्या परीक्षेत पहिला एक तास उत्तरपत्रिकेला हात लावू नका. कच्च्या कागदाच्या एकाच बाजूला लिहा, म्हणजे सगळी पानं शेजारी मांडून आराखडा एका नजरेत दिसतो. प्रस्तावना आणि समारोप कच्च्यावर पूर्ण लिहा, मधले भाग नुसते मुद्द्यांत. शेवटची १५ मिनिटं फक्त लिंग-वचन आणि क्रियापदांच्या शेवटांसाठी ठेवा.

आणि गुणांनी खचू नका. २०पैकी १०ला उत्तीर्ण, १२ला 'बऱ्यापैकी', १४ला 'चांगलं', १६ला 'उत्तम' धरतात, आणि साहित्याच्या विषयात १६ क्वचितच दिसतात. तुमचं विद्यापीठ १३चे सरळ ६५ टक्के करणार असेल तर तो अन्याय आहे. रूपांतराचा तक्ता जाण्याआधीच मागून घ्या. आलेल्या निकालाबरोबर वर्गाची गुणविभागणीही मागा.

प्रश्न: मुलगी सप्टेंबरात जाते आहे. तिथे पोहोचल्यावर कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची?

उत्तर: क्रम चुकला की एक कागद दुसऱ्यासाठी अडतो, म्हणून हे पत्र तिला जरूर दाखवा.

खोलीचा करार आधी, कारण पत्त्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. जामीन म्हणून फ्रान्समधला माणूस मागतात. तो नसेल तर 'व्हिझाल' ही मोफत हमी आहे, पण ती करारावर सही करण्यापूर्वी काढावी लागते. अनामत सामानासह खोलीला जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते. करार आणि खोली पाहण्याआधी कुणी पैसे पाठवायला सांगत असेल तर तो ठग समजा. किल्ली घेताना खोलीच्या स्थितीचा कागद भरतात. तिथे 'ठीक' असं मोघम लिहू देऊ नका: भिंतीवरचा डाग, नळाची गळती, गादीचा फाटका कोपरा, सगळं लिहा, फोटो काढा. काही सुटलं असेल तर १० दिवसांच्या आत दुरुस्ती मागता येते. भाडेकरूने घराचा विमा काढणं सक्तीचं आहे, तो किल्लीआधीच काढावा.

मग व्हिसा. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यापासून ३ महिन्यांच्या आत गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर वैध करून घ्यावा लागतो. हे राहिलं तर तिचं तिथलं वास्तव्य बेकायदा ठरतं आणि सुट्टीत बाहेर गेल्यावर परत येताना अडकायला होतं. पहिल्याच आठवड्यात उरका. नंतर बँक खातं. खात्याचा 'रिब' नावाचा तपशील-कागद सगळीकडे लागतो. शेवटी आरोग्य विमा: परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'अमेली' या सरकारी विमा सेवेचं वेगळं संकेतस्थळ आहे आणि नोंदणी मोफत आहे. त्यासाठी आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला हवा, हा कागद बहुतेक जण घरी विसरतात.

विद्यापीठात नाव नोंदवण्याआधी 'सेव्हेक' हे वार्षिक शुल्क भरल्याची पावती मागतात. दोन विद्यापीठांतल्या देवाणघेवाणीच्या करारावर गेलेल्यांना ते माफ असतं. शिकताना काम करायचं असेल तर वर्षाला ९६४ तासांची मर्यादा आहे.

प्रश्न: प्राध्यापकांना 'त्यू' (तू) म्हणायचं की 'व्हू' (तुम्ही)?

उत्तर: 'व्हू', शेवटपर्यंत. सोबतच्या विद्यार्थ्यांना पहिल्या क्षणापासून 'त्यू', तिथे 'व्हू' म्हटलंत तर तुम्ही अंतर राखताय असं वाटतं. पत्राची सुरुवात 'मादाम' किंवा 'मस्य' एवढीच, त्यात 'प्रिय' नको. दुकानात, कार्यालयात, बसमध्ये शिरताना आधी 'बोंझूर' (नमस्कार). तो न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा ठरतं, आणि फ्रेंच लोक तुसडे असतात ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

प्रश्न: संस्कृती शिकायची तर संग्रहालयं, नाटकं आलीच. विद्यार्थ्याला हा खर्च परवडतो का?

उत्तर: वय २६च्या आत असेल आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमस्वरूपी संग्रह फुकट पाहता येतो, लूव्रसुद्धा. खिडकीवर विद्यार्थी ओळखपत्र पुरत नाही, पासपोर्टमधला व्हिसा दाखवा. फुकट आहे म्हणून एका दिवसात सगळं उरकू नका. एका खेपेला एकच दालन, एका चित्रासमोर वीस मिनिटं, आणि पाटीवरचा फ्रेंच मजकूर वहीत उतरवून घ्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस असतात. १९८४पासूनची ही प्रथा. एरवी बंद असलेली सरकारी भवनं, वाडे आणि कार्यशाळा त्या दोन दिवसांत उघडतात आणि तिथे काम करणारी माणसं स्वतः माहिती देतात. नुकतंच पोहोचलेल्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला तास नाही. दोन प्रश्न आधी लिहून न्या आणि रांगेत उभं असतानाच शेजारच्याला त्यातला एक विचारा.