मडगार्ड घेण्याआधी फट मोजा

लांबच्या सायकल प्रवासासाठी मडगार्ड कोणतं घ्यावं आणि कसं बसवावं, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

माझ्या टूरिंग सायकलच्या टायरवर 37-622 असं छापलेलं आहे. 45 आणि 50 मिलिमीटर रुंदीची मडगार्ड मिळतात. त्यातलं कोणतं घेऊ?

पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो. दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये असतात. छापलेल्या 37 वर मात्र विसंबू नका. तोच टायर रुंद रिमवर 39 भरेल आणि अरुंद रिमवर 35. हवा पूर्ण भरा आणि व्हर्नियरने प्रत्यक्ष रुंदी मोजा. टायर नवा असेल तर थोडे दिवस चालवून पुन्हा मोजा, कारण सुरुवातीला तो किंचित पसरतो.

मोजलेल्या रुंदीपेक्षा मडगार्ड निदान 8 मिमी रुंद हवं. 10 ते 12 मिमी जास्त असेल तर उत्तम. तुमचा टायर खरोखर 37 भरत असेल तर 45 चं मडगार्ड जेमतेम पुरेल, 50 चं चांगलं झाकेल. टायरच्या बाजूंवरून उडणारं पाणी अडतं ते या जादा रुंदीमुळेच.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न उंचीचा आहे. टायर आणि मडगार्डची आतली बाजू यांच्यात निदान 10 मिमी मोकळी फट राहिली पाहिजे. कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर 15 मिमी किंवा जास्त. त्यात मडगार्डची जाडी (धातूचं असेल तर साधारण 1 मिमी, प्लास्टिकचं असेल तर 2) आणि आत येणाऱ्या बोल्टच्या डोक्याचे 3-4 मिमी मिळवा. म्हणजे फोर्क क्राउनची (फोर्कचे दोन पाय जिथे वर जोडलेले असतात तो भाग) खालची बाजू आणि टायर यांच्यात सुमारे 15 मिमी जागा लागते. मोजायला घरातल्या अ‍ॅलन की चालतात. 10 ची आणि 5 ची की एकमेकींना लावून त्या फटीत सरकवा. त्या सहज जात असतील तर मडगार्ड बसेल. हीच तपासणी आणखी तीन ठिकाणी करा: मागे सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाच्या अक्षाकडे येणाऱ्या दोन नळ्या) आडव्या पुलाखाली, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलच्या दांड्यांचा अक्ष बसतो ती जागा) मागे चेनस्टेच्या (तिथून मागच्या अक्षाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) पुलापाशी, आणि रिम ब्रेक असतील तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) खाली. यातली सगळ्यात अरुंद जागा जेवढी असेल, तेवढंच तुमच्या सायकलला झेपेल.

जागा कमी पडत असेल तर टायर एक माप खाली आणा. मडगार्ड टायरला चिकटवून बसवू नका. एवढ्याशा फटीत अडकलेला खडा अख्ख्या प्रवासात करकरत राहतो, आणि त्यापेक्षा मोठी वस्तू अडकली तर काय होतं ते पुढे येतंच आहे.

चाकाचं मापही जुळलं पाहिजे. 622 साठी वळवलेलं मडगार्ड 584 च्या चाकावर लावलं तर गोलाई जुळत नाही. मधे फट मोठी आणि टोकांना कमी, किंवा याच्या उलट, असं होतं. मडगार्डला फ्रेमशी धरून ठेवणाऱ्या सळया कितीही ओढल्या तरी ते नीट बसत नाही.

मडगार्ड आहेत, तरी पाऊस आला की बूट आणि चेन चिखलाने माखतात. असं का?

पुढचं मडगार्ड आखूड आहे म्हणून. पाणी टायरवरून स्पर्शरेषेत सुटतं. पुढच्या चाकाची मागची बाजू फिरताना वर जात असते. त्यामुळे मडगार्डच्या खालच्या टोकाच्या आधी सुटलेलं पाणी थेट पॅडल, बूट, बॉटम ब्रॅकेट आणि चेन यांच्यावर येतं. चेनमध्ये वाळू मिसळलेलं पाणी जाणं म्हणजे चेन आणि दाते दोन्ही झिजवणं. लोक पाठ कोरडी राहावी म्हणून मागचं मडगार्ड निवडण्यात वेळ घालवतात, पण सायकलला खरी गरज पुढच्या मडगार्डची असते, आणि तेही खालपर्यंत येणाऱ्या.

नवं मडगार्ड घ्यायची गरज नाही, खाली रबरी फ्लॅप लावा. 2 मिमी जाडीची रबरी शीट घ्या. वरची रुंदी मडगार्डएवढी ठेवा आणि खालच्या बाजूला 2-3 सेंमी जास्त. फ्लॅपचं खालचं टोक जमिनीपासून 8 ते 10 सेंमीवर येईल असं कापा. मडगार्डच्या टोकाजवळ दोन छिद्रं पाडून मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्याने सैल न होणारे) लावा. बोल्टची डोकी आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे नटाची लांबी टायरकडे येणार नाही. शीट फार मऊ असेल तर वेगात मागे वळते आणि काम करत नाही. कडक प्लास्टिक वापरलं तर फुटपाथच्या काठाला आपटून मडगार्डच उचकटतं. रबर दोन्ही सांभाळून घेतं.

पुढच्या मडगार्डचा फोर्कच्या पुढे येणारा भाग निदान 15 सेंमी असू द्या. वेगात पुढे फेकलेले थेंब वाऱ्याने परत तोंडावर येतात, ते तिथे अडतात. मागच्या मडगार्डलाही फ्लॅप लावलात तर तुमच्यामागून येणारे सोबती आभार मानतील.

फक्त सायकलच्या दांड्याला पकडून बसणारी, चटकन काढता येणारी आखूड मडगार्ड टूरिंगला घेऊ नका. त्यांनी पाठ वाचते, पाय वाचत नाहीत.

पुढच्या मडगार्डच्या सळयांना प्लास्टिकचे सुटणारे क्लिप आहेत. ते कमजोर वाटतात म्हणून काढून सळया थेट बोल्टने आवळू का?

अजिबात नको. ते मुद्दाम सुटण्यासाठीच आहेत.

रस्त्यावरची काटकी, तार किंवा दोरी पुढच्या टायरला चिकटली तर चाक तिला मडगार्डच्या मागच्या खालच्या टोकातून वर ओढतं. आत ती अडकली की टायर मडगार्डलाही सोबत ओढू लागतं. सळया पक्क्या असतील तर मडगार्ड त्यांच्यावर दुमडतं, त्याची घडी फोर्क क्राउनखाली गच्च बसते आणि पुढचं चाक क्षणात अडतं. स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. ब्रेक हळू लावून हे टळत नाही, कारण यात ब्रेकचा संबंधच नसतो. सुटणारा क्लिप असेल तर सळई मोकळी होते, मडगार्ड पुढे सरकतं आणि अडकलेली वस्तू निघायला वाट मिळते. जर्मनीच्या एसकेएस कंपनीच्या मडगार्डवर असे क्लिप येतात. दुसऱ्या कोणाचं मडगार्ड घेतलंत तरी पुढच्या सळयांना अशी सोय आहे का, ते आधी पाहा.

बसवताना एक गोष्ट सांभाळा. पुढच्या मडगार्डची फट खालच्या मागच्या टोकाला सर्वांत कमी असावी, आणि वरून पुढे जाताना तेवढीच राहावी किंवा हळूहळू वाढावी. आत शिरलेली वस्तू पुढे मोकळी होत जाते. उलट, तोंडाशी रुंद आणि क्राउनखाली अरुंद अशी फट म्हणजे सापळाच.

सळई मडगार्डच्या आत किंवा बाजूला टोक काढून उभी नको. सळईला पकडणाऱ्या ब्रॅकेटच्या बाहेर 2-3 मिमीपेक्षा जास्त उरली तर कापा, कानशीने टोक गोल करा आणि रबरी टोपी घाला.

अ‍ॅल्युमिनियमचं मागचं मडगार्ड सीटस्टेच्या पुलाजवळ चिरलं. पुन्हा तसंच घेऊ की प्लास्टिकचं?

आधी ते का चिरलं ते शोधा, नाहीतर नवंही तिथेच चिरेल. अशा चिरेमागे बहुतेक वेळा ताण असतो. मडगार्ड आणि पूल यांच्यात 6 मिमीची फट होती आणि बोल्ट आवळून ती मिटवली, तर मडगार्ड कायम ओढलेलं राहतं. त्यावर रस्त्याची थरथर हजारो वेळा बसते आणि छिद्राच्या कडेपासून चीर निघते.

पारख सोपी आहे. सगळे बोल्ट अर्धवट सैल करा. मडगार्ड जागच्या जागी राहिलं तर ठीक. एखादा बोल्ट काढताच ते उडी मारून सरकलं, तर तिथे ताण आहे.

बसवण्याचा क्रम असा: आधी चेनस्टेचा पूल, मग सीटस्टेचा पूल, सळया सगळ्यात शेवटी. जिथे फट दिसेल तिथे तेवढ्याच जाडीचा स्पेसर घाला. धातू आणि धातू यांच्यामध्ये चामड्याचा किंवा रबराचा वॉशर ठेवा, त्याने थरथर मुरते आणि खडखडही थांबते. M5 (5 मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी छिद्र 5.5 मिमी पाडा आणि त्याच्या कडेची खरखर दोन्ही बाजूंनी काढा. चीर तिथूनच सुरू होते. आतल्या बाजूला मोठा वॉशर हवाच. सळया लावताना मडगार्ड हाताने मधोमध धरा आणि सळईची लांबी त्याप्रमाणे बसवा. सळईने मडगार्ड ओढून मधे आणायचं नाही.

चिरलेलं मडगार्ड लगेच टाकू नका. चिरेच्या टोकाला 2-3 मिमीचं छिद्र पाडलं की ती पुढे जायची थांबते. बाहेरून 1 मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने लावली तर ते आणखी बराच काळ टिकतं.

आता निवडीचं. अ‍ॅल्युमिनियम कडक असतं, आकार धरून ठेवतं, आणि कडा आत वळलेल्या असल्या तर पाणी त्या पन्हळीतून खाली जातं, बाजूने ठिबकत नाही. जपानच्या होंजोसारखी मडगार्ड त्यासाठीच नावाजलेली आहेत. पण छिद्रं स्वतः पाडावी लागतात, मोजमाप एकदाच नीट घ्यावं लागतं, आणि आपटून पोचा आला तर तो पूर्ण जात नाही. खडे लागल्याचा आवाजही जास्त येतो. आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं प्लास्टिक वाकून परत जागेवर येतं, आवाज कमी करतं आणि तासाभरात बसतं. स्वतः ड्रिल वापरायची सवय असेल आणि सायकल खोक्यात घालून न्यायची वेळ क्वचित येत असेल तर धातूचं घ्या. सायकल वारंवार बसच्या टपावर किंवा रेल्वेत चढणार असेल तर प्लास्टिकचं.

डिस्क ब्रेक आहेत आणि कॅरिअरही लावायचं आहे. सळई कॅलिपरला अडते, आणि फ्रेमवर छिद्र एकच आहे. काय करावं?

सळई बाहेर आणण्यासाठी 10 ते 20 मिमी लांबीचा स्पेसर आणि तेवढाच लांब बोल्ट लावा. बोल्ट स्टीलचा घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा नको. लांब स्पेसरमुळे त्यावर वाकवणारा जोर वाढतो. फ्रेमच्या आट्यांमध्ये बोल्ट निदान 6 मिमी गेला पाहिजे. फोर्कच्या मध्यावर वेगळं छिद्र असेल तर सळई तिथे न्या, म्हणजे कॅलिपरचा प्रश्नच उरत नाही.

एकाच छिद्रात दोन्ही बसवायची वेळ आली तर कॅरिअर फ्रेमला लागून आणि मडगार्डची सळई बाहेर. उलट करू नका. पॅनिअरचं (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) वजन फ्रेमपासून जितकं दूर, तितका बोल्ट लवकर तुटतो. उजव्या बाजूला बोल्टचं आतलं टोक मागच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावरच्या चेनला घासत नाही ना, हे चेन त्या चक्रावर आणून आणि चाक फिरवून पाहा. घासत असेल तर आखूड बोल्ट घ्या. आट्यांना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि साधारण 4-5 न्यूटन मीटरला आवळा. लांब प्रवासात दर दोन-तीन दिवसांनी हे बोल्ट बोटांनी हलवून पाहायचे. जादा दोन M5 बोल्ट, नट आणि वॉशर हँडलच्या पिशवीत असू द्या.

फोर्कला छिद्रंच नाहीत. मार्ग आहे का?

फोर्क स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर रबराचं अस्तर असलेले पी-क्लिप (नळीभोवती आवळायच्या, बोल्टला जागा देणाऱ्या पट्ट्या) लावा. फोर्कच्या पायाचा व्यास त्या जागी मोजून त्याच मापाचा क्लिप घ्या. मोठा घेऊन आवळला तर तो फिरतो. कार्बन फोर्कवर पी-क्लिप आवळू नका.

चिकट मातीच्या रस्त्यावर मडगार्ड काढावीत का?

हो, निदान पुढचं तरी. चिकणमाती टायरवर थर धरते, 15 मिमीची फट थोड्याच अंतरात भरते आणि चाक थांबतं. तेव्हा जोर लावून पॅडल मारू नका, त्याने सळया वाकतात आणि मडगार्ड दुमडतं. चाक मागे फिरवा आणि काटकीने माती खालच्या टोकातून बाहेर काढा. असे रस्ते वाटेत खूप असतील तर फट 20 मिमीच्या पुढे राहील असा बारीक टायर आधीच निवडा. मडगार्ड काढलंत तर सळया त्याच्यावर बांधून ठेवा आणि बोल्ट परत त्यांच्याच छिद्रात अडकवा, म्हणजे हरवणार नाहीत.