नाक लावण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा फोटोही पाहिला. मुलांच्या वाढदिवसांना विदूषक व्हायचं म्हणतेस, आणि पत्रातले निम्मे प्रश्न सामानाचे आहेत. विग कुठला, बूट केवढे, नाक फोमचं की लेटेक्सचं, म्हणजे रबराचं. त्यांच्याकडे येतोच, पण आधी फोटोबद्दल बोलतो. अख्खा चेहरा पांढराफेक, भुवया कपाळभर, लाल ओठ गालांवर पसरलेले. रंगावर तुझा हात छान बसला आहे. तरी वाढदिवसाला हा चेहरा घेऊन जाऊ नकोस.

असा रंग मोठ्या रंगमंचासाठी आला. लंडनचा विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८ ते १८३७) पांढऱ्यावर लाल रंगाचे आकार काढायचा, कारण त्या काळच्या अंधुक उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चेहरा दिसायला हवा असे. पुढे सर्कशीच्या तंबूतही तीच गरज होती. तू मात्र मुलापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहणार. एवढ्या जवळून रंग चेहरा दाखवत नाही, झाकतो. समोरचं माणूस भलं की बुरं, हे लहान मूल चेहऱ्यावरून ताडतं. रंगवलेलं हसू जागचं हलत नाही, खालचे ओठ वेगळंच काहीतरी करतात, आणि पोर गोंधळतं. नाक, गालांवर थोडी लाली, डोळ्यांवर पांढऱ्याचा हलका हात, एवढं पुरे. पाण्यात कालवायचा रंग घे. तेलकट रंगावर पावडर नीट बसली नाही तर तो मुलांच्या कपड्यांना लागतो. मुलांच्या गालांवर काही काढणार असशील तर रंग त्वचेसाठीच बनवलेला हवा, आणि चमकी हस्तकलेची नको. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

आता भीतीबद्दल. ‘मुलं मला घाबरली तर?’ असं तू विचारलं आहेस. काही घाबरणारच. दोन-तीन वर्षांची तर हमखास, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या घरात एक अनोळखी, विचित्र बाई शिरली आहे. म्हणून दारातून भोंगा वाजवत येऊ नकोस. आधी मोठ्यांशी हळू आवाजात बोल, मग खाली बस, थोडी तिरकी बस, आणि ज्या मुलाला भीती वाटते आहे त्याच्याकडे बघूच नकोस. नाक तिथेच, सगळ्यांसमोर लाव. आत माणूस आहे हे त्यांनी पाहिलेलं असलं की पुढचं बरंच सोपं जातं.

एवढं करूनही कुणी बाप फोटोच्या हौसेनं रडणारं पोर उचलून तुझ्या मांडीवर द्यायला येईल. तेव्हा तूच मागे सरक. तूच घाबर. खुर्चीमागे लप आणि हळूच डोकावून विचार, ‘गेलं का ते बाळ?’ पुष्कळदा ते रडू थांबवून टक लावून बघतं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण पळवून लावलं! आणि नाहीच थांबलं रडू, तर तुझ्या दूर राहण्यानं बिघडलेलं काही नाही.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीत आलं. खोलीत सगळ्यांत कमी कळणारी, कमी जमणारी व्यक्ती तू. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसभर मोठी माणसं सुधारत असतात. बूट उलटे घातलेस, नीट धर, सांडू नकोस. तू आलीस की चुका दाखवायची पाळी त्याची. म्हणून टोपी डोक्यावर ठेवून टोपी शोधायचा जुना खेळ अजून चालतो. मुलं ओरडतात, ‘डोक्यावर!’ तू बुटाखाली बघतेस. पुन्हा ओरडतात, तू त्यांच्या बाबांच्या डोक्यावर बघतेस. तिसऱ्या वेळी हात टोपीला लागेलसा न्यायचा आणि कान खाजवून परत आणायचा. इथे थांबता येणं ही खरी कला. लगेच सापडली तर मजा गेली, फार ताणलं तर ती चिडतात. आणि हे चालू असताना पालकांकडे बघून डोळा मारू नकोस. टोपी तुला खरोखरच सापडत नाहीये.

ग्रॉक नावाचा एक स्विस विदूषक होता (१८८० ते १९५९). पियानोपासून स्टूल लांब आहे म्हणून तो स्टूल ओढायचा नाही, अख्खा पियानो ढकलत स्टुलाकडे आणायचा. घाम गाळून, अगदी मनापासून. मूर्खपणा असा करायचा असतो. त्याला स्वतःचं तर्कशास्त्र लागतं.

जादूचंही तेच. तुला पत्त्यांची सफाई येते हे वाचून आनंद झाला, पण ती मोठ्यांच्या मैफलीसाठी राख. इथे मोडणारी कांडी घे. तुझ्या हातात तिचे तुकडे लोंबतात, वाढदिवसाच्या मुलीच्या हातात ती सरळ उभी राहते. जादू तिला येते, तुला नाही. टाळ्याही तिच्याच. कुणाच्या नावावर, जाडीवर, बोलण्यावर विनोद नको. मोठी माणसं हसतील, म्हणून तो मोह होतो.

चार ते सात ही वयं सर्वांत रंगतात. आठ-नऊच्या पुढे एखादा पुढे येऊन म्हणतो, ‘ते दुसऱ्या हातात आहे, मला माहितीये.’ त्याच्याशी झुंजू नकोस. ‘अरे बापरे, याला सगळं कळतं!’ म्हण आणि त्यालाच मदतनीस कर. गुपित सांभाळायची जबाबदारी दिली की तो दुसऱ्यांना गप्प करतो. तेरा-चौदाच्या मुलांच्या पार्टीला सरळ नाही म्हण. त्यांना तू नको असतेस, बोलावणं त्यांच्या आईचं असतं.

फुग्यांबद्दल थोडं रूक्ष बोलतो. वळवायच्या फुग्यावर २६० लिहिलेलं असतं, म्हणजे फुगल्यावर जाडी २ इंच आणि लांबी ६० इंच. कुत्रा करताना शेवटी चार बोटं तरी रिकामं शेपूट सोड, प्रत्येक पिळाबरोबर हवा पुढे सरकते. तोंडाने फुगवू नकोस, पंप ठेव. फुटलेला तुकडा त्याच क्षणी उचलायचा, खेळ थांबवून उचलायचा. रबर श्वासनलिकेवर चपखल बसतं आणि मूल गुदमरतं. तीन वर्षांखालच्यांना फुगा देऊच नकोस. लेटेक्सची ॲलर्जी कुणाला आहे का, हे ठरवाठरवीच्या फोनवरच विचार, आणि असेल तर तुझं नाकही फोमचं हवं. (झालं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.) शिवाय साधा हिशेब बघ. वीस मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांची रांग. म्हणून मिनिटाभरात होतील अशा दोन-तीनच आकृत्या पक्क्या कर, आणि फुगे शेवटी काढ. आधी वाटलेस तर तलवारबाजी सुरू होते, तुझ्याकडे कुणी बघत नाही.

व्यवहाराचं लिहून घेत जा. वेळ, मुलांची संख्या, वयं, जागा, घरात कुत्रा आहे का, कपडे बदलायला दार असलेली खोली मिळेल का. थोडी रक्कम आगाऊ घे. खेळ चालू असताना घरचं मोठं माणूस खोलीत हवंच, ही अट आधीच सांग. मुलं तुझ्यावर सोपवून सगळे गच्चीवर गेले, असं होता कामा नये. एकट्या मुलाबरोबर तू कधीच थांबायचं नाहीस.

बुटांना मुळीच महत्त्व देऊ नकोस. चालता येईल असे घे.

रुग्णालयात काम करायचंय म्हणतेस. जरूर कर, पण ते काम वेगळं आहे आणि त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. मायकेल क्रिस्टेन्सन यांनी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसच्या वतीने ते पद्धतशीर सुरू केलं. तिथले विदूषक डॉक्टरांचीच नक्कल करत हिंडायचे. अशा कामात खोलीच्या दारात थांबून मुलाची परवानगी मागायची असते. सुई, औषध, तपासणी, कशालाच त्याला नाही म्हणता येत नाही. तुला मात्र तो नाही म्हणू शकतो. त्यानं ‘जा’ म्हटलं तर लगेच जा. जाता जाता दारावर आपटलीस तर हरकत नाही.

पुढच्या वेळी फोटो नको, कार्यक्रमाचं चित्रण पाठव. पालकांना आधी विचार, आणि ते हो म्हणाले तर कॅमेरा तुझ्यावर लावू नकोस. मुलांच्या बाजूला लाव. तू काय करतेस ते मला त्यांच्याकडे बघून कळेल.

कळावे.