जहाज सोडून परदेशात शिपिंगच्या डिजिटल जॉबला जाताय? आधी नून रिपोर्टबद्दल विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीफ ऑफिसर (कॅप्टनच्या खालचा डेकवरचा अधिकारी) म्हणून सेलिंग चालू आहे, परदेशातल्या एका शिप मॅनेजमेंट कंपनीशी (मालकांसाठी जहाजं चालवणारी कंपनी) 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन लीड' म्हणून बोलणी चालली आहेत, आधी डेटा सायन्सचा कोर्स करावा का, आणि जायचं तर कुठल्या शहरात? मी जहाजावरून उतरून याच कामासाठी सिंगापूरला आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोर्सचं लगेच सांगून टाकतो. एक्सेल, एसक्यूएल आणि थोडं पायथॉन कामापुरतं शिका, मोठ्या डिग्रीच्या मागे लागू नका. मॉडेल बनवणारी माणसं कंपन्यांना मिळतात. त्या मॉडेलमध्ये जाणारा आकडा जहाजावर कोण, कधी आणि कोणत्या दबावाखाली भरतो हे जाणणारा माणूस सहज मिळत नाही. तुम्हाला घेणार ते त्यासाठी.

नून रिपोर्टच घ्या, म्हणजे जहाजाने रोज दुपारी ऑफिसला पाठवायचा अहवाल. पोझिशन, अंतर, इंजिनाचे आरपीएम, चोवीस तासांतलं फ्युएल, आरओबी (जहाजावर शिल्लक तेल), वारा. तेच आकडे पुन्हा चार्टररच्या (जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या) फॉर्मॅटमध्ये, पुन्हा हवामान पाहून मार्ग सुचवणाऱ्या वेदर राउटिंगवाल्यांना. ऑफिसात बसलेल्याला हा निव्वळ डेटा वाटतो. पण चार्टर पार्टीतली (जहाजाच्या भाडेकरारातली) स्पीडची हमी बहुधा ब्यूफोर्ट ४ पर्यंतच्या हवेसाठी असते; ब्यूफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी. ५ लिहिलं की ती हमी लागू होत नाही. वारा ४ आणि ५ च्या मधे घुटमळत असला की लॉगमध्ये काय पडतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. चीफ इंजिनिअरने अडीअडचणीला म्हणून न दाखवता राखलेलं तेलही त्यातलंच.

तेलाचा खप मोजणारे फ्लो मीटर आणि इंजिनाची ताकद मोजणारे टॉर्क मीटर बसले की हे सगळं उघडं पडतं, आणि लीडरशिपचा कस तेव्हा लागतो. ऑफिसातून जहाजावर देखरेख ठेवणाऱ्या सुपरिंटेंडंटने पहिल्याच ग्राफवरून चीफ इंजिनिअरला झापलं, की पुढच्या महिन्यात सेन्सर 'खराब' होतात आणि दुरुस्तीला थेट ड्राय डॉकचा (जहाज काही वर्षांनी गोदीत जातं तेव्हाचा) मुहूर्त लागतो. याउलट, मागच्या तफावतीवरून कोणालाही धारेवर धरणार नाही असं फ्लीटच्या प्रमुखाने लेखी कळवलं आणि नवा फॉर्म आणताना दोन जुने बंद केले, तर जहाज साथ देतं. फॉर्म बंद करायला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त धमक लागते, कारण प्रत्येक फॉर्ममागे ऑफिसातला कोणीतरी साहेब उभा असतो.

आता हे टाळताही येत नाही. ५,००० जीटी (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या बहुतेक जहाजांना २०२३ पासून सीआयआयची, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरून ठरणारी, ए ते ई श्रेणी लागू झाली. २०२४ पासून जहाजांना युरोपियन युनियनचं ईटीएस, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यायची पद्धत, आलं: २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांसाठी परवाने, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी, २०२६ पासून पूर्ण. म्हणजे फ्युएलचा चुकलेला आकडा थेट पैशांत दिसतो, आणि मग हे पैसे मालकाचे की चार्टररचे यावर भांडण.

म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा: गेल्या वर्षी जहाजावरचे कोणते रिपोर्ट बंद केलेत? माझा बॉस कोण, आयटी की ऑपरेशन्स? रात्री स्क्रीनवर अलार्म आला तर कॅप्टनला फोन करायचा अधिकार कोणाचा? उत्तर आयटी असं आलं आणि बाकी दोन्हींवर गुळमुळीत बोलणं झालं, तर पगार कितीही असो, मी जाणार नाही.

आणखी एक. एखाद्या प्लॅटफॉर्मच्या भपक्यावर भाळू नका. कंटेनर कंपनी मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स, म्हणजे मालवाहतुकीची माहिती सगळ्यांनी एकत्र वाटून घ्यायचा प्लॅटफॉर्म, २०१८ मध्ये मोठ्या थाटात आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण अख्ख्या उद्योगाचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या घरात आपला माल कोण ठेवणार? त्याच मर्स्कला जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने ग्रासलं, तेव्हा जगभरातले डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुसले गेले आणि वीज गेल्यामुळे घानातला एक तेवढा वाचला. बॅकअपचा प्रश्नही मुलाखतीत विचारायला हरकत नाही.

शहराचं म्हणाल, तर तुमच्यासारख्या डेकवरच्या माणसाला सिंगापूर सोपं: शिप मॅनेजमेंट, बंकरिंग (जहाजांना तेल भरणं) आणि बंदर एकाच ठिकाणी. लायनर कंपन्यांत (ठरलेल्या मार्गांवर कंटेनर नेणाऱ्या) जायचं तर कोपनहेगन किंवा हॅम्बर्ग. क्लास (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्था) आणि सॉफ्टवेअरसाठी ओस्लो. ग्रीसमधल्या पिरेअसमध्ये जहाजमालकांची घराणी आहेत. तिथे मालकाने ठरवलं की आठवड्यात बदल होतो, नाही ठरवलं की कधीच नाही. लंडनचं बळ विमा आणि कायद्यात, तिथे तुमचा अनुभव क्लेम्सकडे वळेल.

वर्क परमिट बहुतेक ठिकाणी कंपनीशी बांधलेलं असतं, आणि डिजिटल टीम कॉस्ट कटिंगमध्ये लवकर सापडते. तेव्हा सीओसी (जहाजावर अधिकारी म्हणून काम करायचं प्रमाणपत्र) लॅप्स होऊ देऊ नका. दर पाच वर्षांनी रिव्हॅलिडेशन लागतं, आणि किनाऱ्यावरचं तुमचं काम त्यासाठी सी-टाइमच्या (जहाजावरच्या सेवाकाळाच्या) बदल्यात धरलं जाईल का, हे सही करण्याआधीच तुमच्या मेरीटाइम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडून लेखी घ्या. मास्टर्सची, म्हणजे कॅप्टनच्या पात्रतेची, परीक्षा राहिली असेल तर ती देऊनच निघा.