सांगलीत बी.ए.ला जर्मन घ्यावं का? नोकरीच करायची असेल तर साहित्य-संस्कृतीचे पेपर कशाला? असं तुम्ही विचारलंय आणि घरचे पुण्यात क्लास लाव म्हणतात असंही लिहिलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घ्या.

दुसरा प्रश्न मला माझ्या काकांनी विचारला होता. पानावर बसलेलो असताना, सगळ्या घरासमोर. तुमचे घरचे म्हणतात तसंच तेही म्हणाले होते की पुण्यात क्लास लाव, बी-वन (जर्मनची मधली पातळी) काढ आणि मोकळी हो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका पिंपरीला एका कंपनीत होते आणि कामासाठी श्टुटगार्टला जाऊन आलेले, त्यामुळे आमच्या घरात जर्मनीबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. मी तेव्हा सांगलीत एस.वाय.ला. जर्मनच्या मॅडम कोल्हापूरहून एसटीने यायच्या. त्या वर्षी त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं एक नाटक घेतलं होतं. तीन देव पृथ्वीवर एक तरी चांगला माणूस सापडतो का बघायला येतात आणि त्यांना रात्रीपुरता आसरा मिळावा म्हणून वांग नावाचा पाणीवाला दारोदार फिरतो, ते. हिटलरमुळे देश सोडावा लागलेल्या माणसानं हे लिहिलं आणि त्याचा पहिला प्रयोग १९४३ मध्ये झ्युरिकला झाला, हे मॅडमनी आधी सांगितलं. मग भूमिका वाटून दिल्या.

वांगचं काम आटपाडीकडच्या एका मुलीकडे आलं. टँकरची वाट बघत मोठी झालेली मुलगी ती. पाऊस पडायला लागल्यावर माझं पाणी कोण घेणार, असं वांगचं एक गाणं आहे. ते तिनं असं वाचलं की वर्ग गप्प झाला. ह्याच नाटकावरून व्यंकटेश माडगूळकरांनी 'देवाजीने करुणा केली' लिहिलं आणि माडगूळ तर तिच्याच तालुक्यातलं. मॅडमनी आम्हाला तेही वाचायला लावलं. नाटकाच्या शेवटी एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना सांगतो की शेवट तुम्हीच शोधा. त्यावर आम्ही मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भांडलो. 'मी नायिकेच्या जागी असते तर' हे म्हणायला कोंयुंक्टिव्ह, म्हणजे जर-तरचं क्रियापदाचं रूप, लागतो. व्याकरणाच्या तासाला तो काही केल्या डोक्यात शिरत नव्हता, भांडताना आपोआप तोंडात आला. पाठ न करता जर्मन बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

हे मी घरी उत्साहानं सांगत होते तेव्हा काका म्हणाले, "ऑफिसात ब्रेख्त कोण विचारणार आहे? मी तिकडे इंग्रजीवर निभावलं. सर्टिफिकेट काढ, बाकी सगळा टाइमपास." मी गप्प बसले. आमच्याकडे काकांना उलट बोलायची पद्धत नव्हती.

आज मी मिरजेत नर्सिंग झालेल्या मुलामुलींना जर्मन शिकवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशा फार वाढल्यात. माझी एक विद्यार्थिनी तिकडे वृद्धाश्रमात लागली. तिथली एक आजी रोज पावाचे तुकडे रुमालात बांधून उशीखाली ठेवायची. स्टाफ ते टाकून द्यायचा आणि आजी रडून गोंधळ घालायची. आमच्या मुलीनं विचारलं, तुम्ही लहानपणी कुठे होतात? आजी म्हणाली, श्लेझिएन, म्हणजे पूर्वेकडचा तेव्हाचा जर्मन प्रदेश, आता बहुतेक पोलंडमध्ये. मुलीला पुढचं सांगावं लागलं नाही. युद्धाच्या शेवटी आणि त्यानंतर सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना पूर्वेकडची घरं सोडावी लागली, १९४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा गेला, हे आम्ही वर्गात केलेलं होतं. तिनं आजीला झाकणाचा डबा आणून दिला आणि हा पाव कोणी टाकायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं. बी-टूच्या (बी-वनच्या वरच्या पातळीच्या) परीक्षेत श्लेझिएन विचारत नाहीत. काकांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, नशीब त्या मुलीचं. नशीब कसलं? शिकवलं होतं म्हणून तिला कळलं. पेशंटशी इंग्रजीवर निभावत नाही. तो म्हातारा असतो, घाबरलेला असतो आणि त्याला त्याच्याच भाषेत बोलायचं असतं.

अकरावी-बारावीला केवळ स्कोअरिंग म्हणून जर्मन घेतात, ते मला अजिबात पटत नाही. मार्क पडतात आणि दोन वर्षांत सगळं विसरतं. मराठी माध्यमाचे असाल तर मात्र बिचकू नका. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. एकवीस-बावीस म्हणताना आपण एकं आधी बोलतो, जर्मनही तसंच बोलतात. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथेच अडखळतात. 'तुम्ही' कोणाला म्हणायचं आणि 'तू' कोणाला, हे तर आपल्याला घरूनच येतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कॉलेजचे मार्क व्हिसाला किंवा नर्सच्या मान्यतेला चालतील असं धरू नका. सर्टिफिकेट लागतंच आणि नर्सिंगला साधारण बी-टू लागतं. मॅक्सम्युलर भवन, म्हणजे जर्मन शिकवणारी संस्था, तिच्या परीक्षा पुण्यात होतात. बी-वनचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग वेगवेगळेही देता येतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. घरची अडचण असेल, लवकर कमवायचं असेल तर आधी परीक्षेचंच बघा, त्यात कमीपणा नाही. आणि शिकवणारं माणूस कसं आहे त्यावर फार अवलंबून असतं. प्रवेश घेण्याआधी परवानगी काढून एका तासाला जाऊन बसा. मुलं जर्मन बोलत असतील, चुकत असतील, तर फी भरा. नोट्स उतरवून घेणं चाललं असेल तर दुसरं कॉलेज बघा, सांगलीत नाही तर कोल्हापुरात. पुण्याची घाई करू नका.