गटात ‘वाया अन्न’ मोजायला घेताय? मग हे वाचा

ताई, पहिल्याच बैठकीत बाया म्हणतील, “आमच्याकडं वाया जात नाही, ढोरं खातात.” मी इथंच फसले होते. प्रत्येकीनं वाया अन्न डब्यात घालून गटात मोजायला आणायचं, तर ढोरांपुढं टाकायची भाकरही त्या डब्यात मोजायची. ज्वारी माणसांसाठी दळली होती ना!

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज आहे. तो आकडा जरूर सांगा, पण घराघरांत चढाओढ लावू नका. चारचौघीत, त्यातही सासूसमोर, नाव वाचलं की दुसऱ्या दिवशी डबा रिकामाच येतो. (एकीनं तर येता येता उकिरड्यावर उलटा केला होता.) फळ्यावर फक्त गटाची बेरीज लिहा.

आणि सुरुवात मे महिन्यात नको. सकाळचं वरण दुपारीच आंबतं, बाया कंटाळतात. दिवाळीनंतर घ्या.