वाचकांचे प्रश्न : चाळीस स्लाइड दाखवल्या, तरी संदर्भ यूट्यूबचेच!

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑनलाइन शिकवतो. प्रोजेक्ट सुरू होण्याआधी 'माहिती कशी शोधावी' यावर दीड तास घेतो. डेटाबेस, ऑपरेटर, सगळं चाळीस स्लाइडमध्ये दाखवतो. मुलं कॅमेरे बंद करून बसतात आणि रिपोर्टात व्हिडिओंच्या लिंका देतात. यंदा तर संदर्भांत तीन पेपर (शोधनिबंध) असे निघाले, जे कुणी लिहिलेलेच नाहीत! माझं चुकतंय कुठे?
– एक प्राध्यापक

उत्तर : सर, तुमच्या चाळीसच होत्या. माझ्या बावन्न होत्या. मी ग्रंथपाल, त्यामुळे हौस दांडगी. पहिल्या ऑनलाइन तासाला अकरा डेटाबेस दाखवले, शोधशब्द जोडणारे 'अँड-ऑर-नॉट' समजावताना थेट त्यामागचं तर्कगणित मांडणाऱ्या जॉर्ज बूलपर्यंत जाऊन आले. शेवटी 'काही शंका?' म्हटलं, तर चॅटमध्ये एकीने लिहिलं, 'मॅम, स्क्रीन पंचवीस मिनिटं झाली अडकलीये.' पंचवीस मिनिटांत कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या रात्री स्लाइड उडवल्या.

आता एकच प्रश्न घेते आणि मुलांदेखत शोधते. तुमच्या शाखेला चालेल असा सांगते : थरथरणाऱ्या मशीनवरचा नट सैल का होतो? काय टाइप करू, हे मुलांनीच सांगायचं. 'नट लूज प्रॉब्लेम सोल्यूशन' असलं काहीतरी येतं. मी तेच टाकते. व्हिडिओ येतात, वॉशर विकणाऱ्यांची पानं येतात. ती पानं हसण्यावारी न्यायची नाहीत, वाचायची. कारण त्यातच कुठेतरी 'सेल्फ-लूझनिंग' (आपोआप सैल होणं) हा शब्द दिसतो. तो अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर टाकला, की व्हिडिओ गायब आणि पेपरच पेपर. दोन-तीन पेपरांच्या संदर्भयाद्या चाळल्या, की एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं : गेरहार्ड युंकर, १९६९. बोल्टच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या कंपनापेक्षा आडव्या ('ट्रान्सव्हर्स') हालचालीने नट जास्त सैल होतो, हे त्याने दाखवलं. मग त्याच पेपराखालचं 'सायटेड बाय' दाबायचं. १९६९नंतर कुणी कुणी त्याचा आधार घेतला ते समोर येतं. यादीतून मागे, सायटेड बायमधून पुढे. तासात एवढं जमलं तरी मी खूश असते.

वेळ उरला तर पेटंट. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइटवर नुसता 'नट' शोधून भागत नाही, पेटंट लिहिणारे त्याला 'फास्टनिंग मेंबर' असंही म्हणतील. म्हणून वर्गीकरणाचा कोड धरायचा : एफ१६बी ३९, म्हणजे स्क्रू, बोल्ट, नट जागेवर जखडून ठेवायच्या युक्त्या. आणि मानकं विसरू नका. स्प्रिंग वॉशरचं डीआयएन १२७ हे जर्मन मानक केव्हाच मागे घेतलंय, तरी त्याच नंबराने वॉशर विकले जातात. इथे मुलं खडबडून जागी होतात, कारण तो वॉशर वर्कशॉपमध्ये प्रत्येकाने लावलेला असतो. डेटाबेसची नावं शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, पुष्कळ झालं.

मग तीन-तीन जणांचे गट करून पंचवीस मिनिटं सोडायचं, सगळ्यांसाठी एकच सामायिक शीट. कोणता शब्द, कुठे टाकला, किती निकाल आले, पुढे शब्द का बदलला, एवढेच रकाने. मी गुण या शोधवहीला देते, संदर्भयादीला नाही. यादी उसनी आणता येते. 'चौदा हजार निकाल आले, घाबरून ट्रान्सव्हर्स शब्द जोडला' असं एकाने लिहिलं होतं; त्याला मी पूर्ण गुण दिले.

राहिले तुमचे ते तीन पेपर. एआयची ही जुनी खोड आहे : लेखक खरा, नियतकालिक खरं, पेपर मात्र नसतो. डीओआय, म्हणजे पेपराचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून बघायला लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. कधी कधी तो उघडतो आणि भलताच पेपर निघतो, त्यामुळे शीर्षक जुळवायलाच हवं. मी तर कॉलवर यादीतला एक संदर्भ निवडते आणि म्हणते, 'हा उघड, यातली कोणती आकृती वापरलीस ते दाखव.' दोन मिनिटांचं काम. वर्ग साठचा असेल तर प्रत्येक गटातून एकालाच बोलवा, मात्र कुणाला ते आधी सांगू नका.