रेसिंग ट्रॅक काँक्रीटचे का करत नाहीत?

काँक्रीटचा रस्ता वर्षानुवर्षं हलत नाही आणि डांबर दोन पावसाळ्यांत उखडतं, मग इतका पैसा ओतून बांधलेले रेसिंग ट्रॅक डांबराचे का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय निपाणीजवळच्या जमिनीवर छोटा कार्टिंग ट्रॅक करायचा विचार आहे म्हणता. मी बेळगावचा, बावीस वर्षं रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर. दोन्ही प्रकारची कामं केलीत आणि रेसिंगचं वेड त्याहून जुनं आहे, म्हणून लिहितो.

खरी अडचण जॉइंटची, म्हणजे काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या कापांची आहे. काँक्रीट घट्ट होताना आकसतं, पुढे उन्हात फुगतं. म्हणून ते घातल्यावर काही तासांतच, साधारण दर साडेचार मीटरवर आम्ही कटर मारतो. तसं केलं नाही तर ते स्वतःच हवं तिथे तडकतं. टिळकवाडीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावरून रात्री बाईकवर येताना चाकाखाली टक-टक असा ठेका लागतो, तो याच कापांचा. चाळीसच्या वेगाला त्याचं काही वाटत नाही. पण ताशी २५० किलोमीटरला सेकंदाला पंधरा जॉइंट चाकाखालून जातात. दोन जॉइंटमधलं एखादं पॅनेल दोन-चार मिलिमीटर जरी खाली बसलं, तरी गाडी त्या काठावर उचलते, टायरवरचा भार क्षणभर कमी होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हर वळणात असला तर? फ्लोरिडातला सेब्रिंगचा ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर उभा आहे. तिथल्या काही भागात अजून ते जुनं काँक्रीट आहे आणि ट्रॅकची ख्यातीच मुळी धक्क्यांची आहे. डांबर पेव्हरने (माल पसरवणाऱ्या यंत्राने) सलग अंथरता येतं. आपल्याकडचे ग्रेटर नोएडाचा बुद्ध, चेन्नईजवळचा मद्रास आणि कोईम्बतूरचा कारी, तिन्ही ट्रॅक डांबराचेच.

पकडीचंही आहे. डांबरी थरात वरचा पातळ लेप झिजला की खडी उघडी पडते, टायर तिला धरतो. खडी कुठली, केवढी, किती, हे ठरवून पकड कमी-जास्त करता येते. काँक्रीटवर पकड येते ती ओल्यावर मारलेल्या ब्रशच्या रेषांनी, आणि त्या रेषा झिजून गुळगुळीत होतात. दुरुस्तीचं तर विचारूच नका. डांबराचा वरचा थर खरवडून रातोरात नवा घालता येतो, काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात.

तरीही काँक्रीट जिथे जिंकतं त्या जागा बघण्यासारख्या आहेत. अमेरिकेतल्या ब्रिस्टलचा ट्रॅक एक किलोमीटरही लांब नाही, वळणं आतल्या बाजूला तीव्र कललेली. दीड टनाच्या गाड्या सतत वळणातच. उन्हाने मऊ पडलेल्या डांबरातून टायर अक्षरशः खडी उपटून काढायचे. शेवटी १९९२ मध्ये तिथे काँक्रीट घातलं, तिथल्याच डोव्हरच्या ट्रॅकने १९९५ मध्ये तेच केलं. अमेरिकेतल्याच मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकची तोड मला सगळ्यात आवडते: सरळ भाग डांबराचा, वळणं काँक्रीटची. जिथे ताण तिथे काँक्रीट.

आणि डांबर घाईत घातलं तर कुणालाच माफ करत नाही. १९८५ साली बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर शर्यतीच्या तोंडावर नवा थर घातला. सरावातच तो फुटू लागला आणि जूनची फॉर्म्युला वन शर्यत सप्टेंबरवर गेली. घाईचा असा परिणाम मी माझ्या कामावरही पाहिलाय. खानापूरच्या बाजूला मे महिन्याच्या शेवटी एका कामावर टिप्पर उशिरा पोचला. ताडपत्री काढून थर्मामीटर खुपसला तर ११० अंश. अंथरताना १४० तरी हवेत. मालाचे गोळे झालेले दिसत होते. ठेकेदार म्हणाला, आभाळ आलंय, घाला. मी घातला. ऑगस्टमध्ये नेमक्या तेवढ्याच पट्ट्यातली खडी सुटून कडेला जमली होती. तो टिप्पर परत पाठवायला हवा होता, ही बोच अजून आहे.

तुमच्या ट्रॅकसाठी: डांबरच घाला, पण वरच्या थराला पॉलिमर (रबर-प्लास्टिकसारखा पदार्थ) घातलेलं डांबर मागा. खडी काळ्या पाषाणाची घ्या, निपाणी-चिकोडीकडे ती मिळते. जांभा भरावाला ठीक, वरच्या थरात अजिबात नको. पेट्रोल भरायची आणि गाड्या उभ्या करायची जागा मात्र काँक्रीटची करा, कारण सांडलेलं पेट्रोल-डिझेल डांबर विरघळवतं. खर्च वाचवायचाच असेल तर ट्रॅकची रुंदी थोडी कमी करा, पण कडेची गटारं आणि पाणी वाहून जायला उतार सोडू नका. खाली पाणी मुरलं की वर काय घातलंय याला अर्थ उरत नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, वळवाच्या आधी उरका. माल अंथरायच्या दिवशी स्वतः थर्मामीटर घेऊन टिप्परपाशी उभे राहा.